दोन फुटी टँक आहे, मासे छान आहेत, पण बघायला बरं वाटत नाही. काय बदलू?

पाणवेल_डोंबिवली

नमस्कार मंडळी, आमच्या हॉलमध्ये २ बाय १ बाय १ फुटाचा टँक आहे, मुलाला मासे हवे होते म्हणून घेतला. मासे मस्त आहेत, खातात-पितात, कोणी आजारी नाही, पण टँककडे बघून प्रसन्न वाटायला पाहिजे ते काही वाटत नाही. मागे निळ्या समुद्राचं पोस्टर आहे, खाली दुकानदाराने दिलेली लाल-पिवळी-निळी खडी, चार प्लास्टिकची झाडं, एक किल्ला आणि बुडबुडे सोडणारा डायव्हर. लाइट निळी-पांढरी एलईडी, सकाळी उठल्यावर लागते ती रात्री झोपताना बंद. टँक बाल्कनीच्या दारासमोर आहे त्यामुळे सकाळचं ऊनही येतं. पाणी जरा हिरवट दिसतं आणि काचेला आतून हिरवं धरतं, दर रविवारी घासते पण परत येतंच.

मासे म्हणाल तर २ गोल्डफिश, १ सकर (काचेला चिकटून राहतो तो), ५-६ गप्पी आणि ब्लॅक मॉलीची जोडी.

गणपतीला अजून दोनेक महिने आहेत, घरी माणसं येणार, तोवर हे जरा देखणं करायचंय. दोन-तीन हजारांत बसेल असं सांगा, तो झाडांना गॅस देणारा सीओटू सिलेंडर वगैरे नको, रोज एवढं करायला वेळ नाही.

दगडधोंडा

ताई, आधी काही विकत आणू नका, आधी काढायला घ्या. रंगीत खडी, पोस्टर, किल्ला हे तीन निघाले की तुमचा टँक लगेच मोठा वाटायला लागेल. टँक छोटा असला की आतली प्रत्येक वस्तू डोळ्याला बोलावते आणि मासा राहतो बाजूला. आणि मासा आपल्या आजूबाजूच्या रंगाप्रमाणे स्वतःचा रंग कमी-जास्त करतो, फिक्या चकचकीत खडीवर तो पण फिका पडतो, तोच मासा गडद तळ आणि काळ्या पाठीसमोर आठवडाभर राहू द्या, अंगावरचा लाल-नारिंगी भरून आलेला तुम्हालाच दिसेल.

पाठ म्हणजे मागची काच. तिला बाहेरून मॅट काळा विनाइल स्टिकर लावा, गाडीच्या नंबरप्लेटवाल्याकडे किंवा फ्लेक्सवाल्याकडे कापून मिळतो. काच स्वच्छ पुसून साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, मग स्टिकर ठेवून जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे बुडबुडे काढत जायचं. काळा चार्ट पेपर चिकटवू नका, भिंतीची ओल लागून तो फुगतो आणि काच-कागदाच्या मधल्या पोकळीत पाण्याचा थेंब गेला की ठिपके ठिपके दिसतात. काळा नको असेल तर फ्रॉस्टेड फिल्म लावा, मागे धुक्यासारखं वाटतं, पण मग मागच्या वायरी आणि पाइप सगळे दिसतात त्यामुळे माझं मत काळ्यालाच.

आता तळ. खडीऐवजी वाळू घ्या, बोअरवेलच्या किंवा स्विमिंग पूलच्या फिल्टरला सिलिका सँड लागते ती, साधारण १ ते २ मिमीची. २ बाय १ ला १५-१६ किलो लागेल. बांधकामाची क्रश सँड नको, तिला धार असते, आणि चौपाटीवरची अजिबात नको, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो तो पाणी जड करतो. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, ह्या कामाचा कंटाळा केला तर टँक आठवडाभर दुधट राहतो.

वाळू सपाट पसरू नका. पुढच्या काचेला इंच-दीड इंच आणि मागच्या काचेला ३ ते ४ इंच, असा उतार द्या. पुढून मागे फुटभर असलेला टँक नुसत्या ह्या उताराने दीड फूट असल्यासारखा वाटतो. उतार हळूहळू घसरून सपाट होतो, म्हणून मागच्या बाजूला आधी जाळीच्या पिशवीत छोटे दगड भरून ठेवायचे आणि वाळू त्यांच्यावर टाकायची.

आता माझ्या आवडीचा विषय, दगड. आपल्याला तर काळा दगड शोधायलाही लागत नाही, अख्खा सह्याद्री बेसाल्टचा आहे आणि बेसाल्ट पाण्यात फारसं काही सोडत नाही. फक्त ज्याच्यात पांढऱ्या शिरा किंवा पांढरे खडे अडकलेत तो घेताना त्या पांढऱ्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फसफसलं तर त्यात चुना आहे, तो दगड बागेत ठेवा. रस्त्याच्या कामावरचा डांबर लागलेला दगड घेऊ नका. सगळे दगड एकाच जातीचे पाहिजेत, एक काळा एक लाल एक पांढरा असं केलंत की परत जत्रा झाली. तीन किंवा पाच घ्या. सगळ्यात मोठा ६-७ इंच उंचीचा, तो मधोमध कधीच ठेवायचा नाही, डाव्या किंवा उजव्या काचेपासून ८-९ इंचावर ठेवायचा आणि थोडा कलता ठेवायचा, नदीतला दगड प्रवाहाने कलतो तसा. बाकीचे त्याच्या पायाशी, त्याच दिशेला कलते. दगडाचा खालचा भाग वाळूत पुरा, म्हणजे आणून ठेवल्यासारखा न दिसता जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. दगडाखाली काचेवर प्लास्टिकची जाळी किंवा थर्माकोलचा पातळ तुकडा टाका, माशांनी वाळू उकरली आणि दगड सरकला तर तळाची काच जायला नको.

ही दगडांची मांडणी जपानी आहे, इवागुमी म्हणतात. निगाताचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) ह्यांनी ती जगभर नेली, आधी ते सायकल रेसर होते, मग फोटोग्राफर, आणि १९८२ मध्ये त्यांनी एडीए (ॲक्वा डिझाइन अमानो) ही टँकच्या सामानाची कंपनी काढली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी शेवटी शेवटी केलेला टँक ४० मीटर लांब आहे. त्याचे व्हिडिओ मुलाला दाखवा. दगड लावायच्या आधी ते पाहिले की हात मोकळा होतो.

लाइटचं सोपं आहे. निळी काढून २ फुटी, १० वॅटची साधी एलईडी बॅटन लावा, आपल्याकडे कूल डेलाइट म्हणून विकतात ती ६५०० केल्विनचीच असते. टायमर प्लग लावून दिवसाला ६-७ तास, तुम्ही घरी असता तेव्हाचे, म्हणजे संध्याकाळी ४ ते १०-११ वगैरे. आणि टँक बाल्कनीच्या उन्हातून हलवा. तुमचं हिरवं पाणी त्या उन्हाचं आणि १५-१६ तासांच्या लाइटचं आहे, घासून जाणार नाही.

खाडीकाठ

वरचं सगळं पटलं. पण माशांबद्दल कोणीतरी बोलायला पाहिजे, कारण टँकचं रूप निम्मं माशांवर असतं.

पाणवेल, तुमचा टँक म्हणजे जेमतेम ५०-५५ लिटर, वाळू-दगड गेल्यावर ४५ धरा. त्यात दोन गोल्डफिश आणि सकर हे बसणारं गणितच नाही. साधा गोल्डफिश ८ इंचापर्यंत सहज वाढतो, सकर फुटाच्या वर जातो. दोघंही घाण प्रचंड करतात आणि गोल्डफिश लावलेली झाडं उपटतो, कोवळी पानं खातो. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं आणि गप्पी-मॉलीला कोमट. आणि मोठा झाला की गोल्डफिश गप्पीची पिल्लं गिळतोच, पुढे गप्पीही. दुकानदार सकर ‘टँक साफ करतो’ म्हणून देतात, मोठा झाल्यावर तो शेवाळ खातही नाही धड.

छोट्या टँकमध्ये दहा जातींचे दहा मासे ठेवण्यापेक्षा एकाच जातीचा थवा ठेवा. दहा-बारा कार्डिनल टेट्रा एकदम वळतात ना काळ्या पाठीसमोर, ती निळी रेघ एका क्षणी सगळ्यांची एकदम पेटते, माणूस चहा घेऊन समोर बसून राहतो. निऑन त्यांच्यासारखाच पण तो थंड पाण्यातला, डोंबिवलीच्या मे महिन्यात ३० च्या वर पाणी गेलं की टिकत नाही, कार्डिनल जरा उष्णता सोसतो. स्वस्त आणि काटक हवा असेल तर आपला झेब्रा डॅनिओ, गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा, सतत पळत असतो, मुलांना आवडतो. चेरी बार्ब पण छान, श्रीलंकेचा, नर पिकला की खरोखर चेरीसारखा लाल. वर एखादी हनी गुरामीची जोडी. गप्पी ठेवणार असाल तर फक्त गप्पीच, आणि सगळे नर, नाहीतर गणपतीपर्यंत शंभर होतील.

मिस केरळ नावाचा मासा कोणी देऊ केला तर नाही म्हणा. दिसतो देखणा पण ५-६ इंचाचा होतो, जोरात पोहणारा, त्याला चार फुटी टँक लागतो, आणि केरळच्या नद्यांमधून उपसून उपसून त्याची जात धोक्यात आलीय.

आणि हात जोडून विनंती, सकर किंवा गोल्डफिश तळ्यात, खाडीत, नदीत सोडू नका. सकर आपल्या देशात कितीतरी नद्या-तळ्यांत पसरलाय, त्याचे काटे कोळ्यांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांची अंडी फस्त होतात. दुकानदार परत घेतात, पैसे नाही मिळाले तरी चालेल.

पाणवेल_डोंबिवली

बापरे, किती छान सांगितलंत दोघांनी. पोस्टर आजच काढलं, नुसतं मागे काळं कापड धरून बघितलं तर गप्पी एकदम वेगळेच दिसले!

सकर परत देईन, त्याचं काही नाही. पण गोल्डफिशवर मुलाचा फार जीव आहे, नावं ठेवलीत त्याने, ते गेले तर घरात रडारड होईल. आणि डायव्हर पण त्याला हवाच आहे. ह्यातून काही मार्ग आहे का? आणि खरी झाडं लावायची तर कुठली, मला कुंडीतली जगवता येतात, पाण्यातली कधी लावली नाहीत.

शेवाळी_सातारा

मी झाडांचं सांगते. कुंडीतली जगवता येतात तर ही त्याहून सोपी, पाणी घालायचं विसरायची सोयच नाही.

गोल्डफिश असोत नसोत, अन्युबियास आणि जावा फर्न ही दोन घ्याच. पानं जाड, चवीला कडक, गोल्डफिश सहसा तोंड लावत नाही, आणि लाइट कमी लागते. ही मातीत लावायची नाहीत हे मात्र नीट लक्षात ठेवा. ह्यांना आल्याच्या कुडीसारखं आडवं जाड खोड असतं, ते वाळूत पुरलं की कुजतं. दगडाला किंवा टँकमध्ये ठेवायला दुकानात ड्रिफ्टवूड म्हणून लाकूड मिळतं त्याला चिकटवायचं. पद्धत सांगते, दगड कोरडा पुसायचा, खोडाची खालची बाजू टिपून घ्यायची, फेविक्विकचा थेंब दगडावर, त्यावर खोड दाबून वीसेक सेकंद धरायचं, आणि गोंद ओला असतानाच वर वाळूची चिमूट टाकायची म्हणजे तो पांढरा डाग झाकला जातो. मग सरळ पाण्यात. वाळलेला गोंद माशांना काही करत नाही. दगडांच्या बेचक्यांत, जिथे दोन दगड भेटतात तिथे लावा. दगडाच्या डोक्यावर लावलंत तर टोपी घातल्यासारखं दिसतं, ते टाळा.

जावा मॉस लाकडावर काळ्या दोऱ्याने बांधा, पण अगदी पातळ पसरून, मधून मधून लाकूड दिसलं पाहिजे. गठ्ठा बांधला की खालचं पिवळं पडून सुटतं. महिन्याभरात ते धरतं, मग कात्रीने भादरायचं, जितकं कापाल तितकं दाट येतं.

मधल्या पट्ट्यात क्रिप्टोकोराइन, वेंडटी नावाची मिळते, हिरवी आणि तपकिरी. लावल्यावर आठवड्याभरात हिची सगळी पानं विरघळल्यासारखी होऊन जातील. उपटून टाकू नका! मुळं जिवंत असतात, दोन-तीन आठवड्यांत नवी पानं फुटतात आणि ती तुमच्या पाण्याला सरावलेली असतात. गणपतीच्या आत रूप यायला हवं तर ही ह्याच आठवड्यात लावा.

मागच्या कोपऱ्यात, फिल्टर दिसतो तिथे व्हॅलिसनेरिया. रिबिनीसारखी लांब पानं वर जाऊन पाण्यावर वाकतात, फिल्टर पूर्ण झाकतात. बाजूला फुटवे येत राहतात, नको तिथले काढायचे. एखादी हायग्रोफिलाची जुडी पण टाका, ती भराभर वाढते आणि पाण्यातलं खत आधी तीच खाते, शेवाळाला उरत नाही.

दुकानातून आणलेली झाडं दोन-तीन तास तुरटीच्या पाण्यात ठेवून स्वच्छ धुवा, गोगलगाई कमी येतात.

डायव्हरला राहू द्या ताई. मुलाचा टँक आहे तो. फक्त मधून काढून एका बाजूला, दगडाच्या आडोशाला, अर्धा मॉसमध्ये लपलेला ठेवा आणि हवेची नळी वाळूखालून न्या. मुलाला शोधायला मजा येईल आणि पाहुण्यांच्या नजरेत पहिल्यांदा दगड आणि झाडंच येतील. गोल्डफिशही राहूद्यात की, दर आठवड्याला पाणी बदललं तर अन्युबियासच्या टँकमध्ये नारिंगी रंग काय खुलतो!

खाडीकाठ

शेवाळी ताई, झाडांचं तुमचं सगळं मान्य, पण गोल्डफिशबद्दल नाही. अन्युबियास टिकेल हो, पण मासा वाढतोय आणि वळायला जागा फुटभर. ४५ लिटरमध्ये दोन म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया कायम चढलेला राहणार. दिसायला छान आणि माशाला त्रास, असं मला तरी नाही सांगवत. मोठी जागा सापडेपर्यंत ठेवा, पण शोधायला आत्ताच लागा.

टीडीएस_काका

वरच्या सगळ्यांनी मांडणी उत्तम सांगितली आहे, मी फक्त ती कशी अंमलात आणायची ते सांगतो, कारण बहुतेक टँक ह्याच दिवशी बिघडतात.

सगळं एका रविवारी काढून, फिल्टरसकट घासूनपुसून लख्ख करू नका. फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणू असतात, माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ही फौज नव्याने तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतलात की क्लोरीनने ती मरते. तेव्हा टँकमधलं निम्मं-अधिक जुनं पाणी दोन बादल्यांत काढा, एकीत मासे आणि चालू फिल्टर, वर ताट झाका, मॉली उडी मारतात. मग खडी काढा, वाळू-दगड-झाडं लावा. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर ओता, उतार मोडत नाही. जुनं पाणी आणि क्लोरीन काढलेलं नवं मिसळून भरा, मासे संध्याकाळी आत. पुढचा आठवडा खाणं एकदाच आणि चिमूटभर.

नंतर दर आठवड्याला २०-२५ टक्के पाणी बदला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, ते रात्रभर पिंपात निवळू द्या. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा क्षार धरतो, तो व्हिनेगरच्या फडक्याने जातो, आणि तो गेला नाही तर बाकी सगळं करूनही टँक मळकट दिसतो. पाणी वरच्या काचपट्टीच्या मागे लपेल इतकं भरत जा.

फिल्टरची आणि लाइटची वायर प्लगच्या खाली एक झोळ घेऊन मग वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाला थेंबून पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. लहान मूल आहे घरात, हे आजच करा.

पाणवेल_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार! गोल्डफिशचं ठरलं. बदलापूरला माझ्या भावाच्या अंगणात सिमेंटची मोठी टाकी आहे, कमळ लावलंय त्यात, तिथे सोडणार. मामाकडे गेलं की भेटता येईल म्हणून मुलगा तयार झाला, उलट आता त्यालाच घाई झालीय. गप्पी शेजारच्यांना देणार, मॉली ठेवणार आणि नंतर चेरी बार्ब आणू.

टँक हॉलच्या आतल्या भिंतीला नेला, काळा स्टिकर लागला, वाळू-दगड झाले, झाडं लावली. दुकानातून ड्रिफ्टवूडचा एक तुकडा घेतला, उकळून, भिजवून ठेवला. पण चार दिवसांत त्या लाकडावर पांढरी बुळबुळीत बुरशी आलीय, कापसासारखी. आणि पाणीही चहासारखं झालंय. लाकूड खराब निघालं का? काढून टाकू?

खाडीकाठ

टाकीवर जाळी टाकायला सांगा भावाला, नारिंगी मासा वरून लांबून दिसतो, खंड्या आणि मांजर दोघांची नजर असते. आणि मासे नेल्यावर पिशवी लगेच फोडू नका, पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्या.

शेवाळी_सातारा

काढू नका, नव्या लाकडाला हे येतंच. लाकडातली साखर-बिखर बाहेर येते तिच्यावर वाढतं ते, माशांना धोका नाही, मॉली तर टोचून टोचून खातात. बघवत नसेल तर पाणी बदलताना जुन्या टूथब्रशने घासा आणि त्याच वेळी नळीने ओढून घ्या. दोन-तीन आठवड्यांत आपोआप संपतं. चहाचा रंग लाकडातून उतरणाऱ्या टॅनिनचा, तो पाणी बदलत गेलं की फिका होतो, घाई असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका. लाकूड दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल तरच बाहेर काढा.